खेळ खेळणे आणि खेळ घडविणे

संगणकशास्त्र शिकणारी मुले पडद्यावरील खेळांत रमली, की पालक चिंतातुर होतात. आम्हां शिक्षकांस वाटते, खेळणे व खेळ घडविणे यांत भेद करावा. १९६२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन यानांच्या लढाईचा खेळ रचला. मधल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण यानांस ओढी. त्यासाठी न्यूटनचा नियम मांडून क्षणोक्षणी यानाची जागा गणिताने काढावी लागे. खेळणाऱ्यास कळ दाबता आली की पुरे; घडविणाऱ्यास नियम समजावा लागतो, चूक शोधावी लागते. म्हणून ‘किती वेळ खेळलास?’ एवढेच न विचारता ‘काय घडविलेस, दाखव पाहू!’ असेही म्हणावे, ही आमची विनंती.