बावीस माणसांचा बँड

विठ्ठलवाडी गेली की लोकलमध्ये जरा पाय टेकायला जागा होते. त्या संध्याकाळी मी हेडफोनवर 'अंडरग्राउंड'चं संगीत ऐकत होते. उल्हासनगरला गाडी थांबली आणि कानातल्या ट्रम्पेटमध्ये बाहेरचं ट्रम्पेट मिसळलं. हेडफोन काढला तरी सूर चालूच. स्टेशनबाहेर वरात होती. बदलापूरचं तिकीट हातात असताना मी उतरले.

'अंडरग्राउंड' हा एमीर कुस्तुरित्सा यांचा १९९५चा चित्रपट, संगीत गोरान ब्रेगोविच यांचं. साराएव्होत १९५० साली जन्मलेले ब्रेगोविच मूळचे रॉक गिटारवादक. त्यांचा 'बियेलो दुग्मे' बँड १९७४ पासून युगोस्लाव्हियाभर गाजला. पुढे त्यांनी लग्नाला आणि मयतीला वाजणारी पितळी वाद्यं सिनेमात आणली आणि आपल्या वाद्यवृंदाचं नावच 'वेडिंग अँड फ्युनरल बँड' ठेवलं. रोमा समाजातल्या वादकांच्या पारंपरिक चालींवर मोठे झाले, अशी टीका त्यांच्यावर होते. मला ती अगदीच खोटी वाटत नाही.

वरातीतल्या बँडवाल्यांची खोली उल्हासनगरातच आहे. चार दिवसांनी तिथे गेले, तेव्हा दारातच चिंचेचा आंबूस वास आला. पितळ चिंचेनं घासून उन्हात ठेवलं होतं. मास्तर पेटी पुसत होते. "पूर्वी बावीस माणसं होती," ते म्हणाले. आता अकरा आहेत. बाकीची अकरा वाद्यं भिंतीला टांगलेली.

माझं लक्ष मात्र युफोनियम वाजवणाऱ्या काकांकडे होतं. दिवसा ते अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला असतात. मेरठहून आणलेलं त्यांचं वाद्य पोटाशी धरलं की लहान मुलाएवढं दिसतं. वरातीत सगळे ट्रम्पेटकडे बघतात. चाल तिथे असते, नोटा तिथेच उडवल्या जातात. काका खालचा सूर धरून असतात. तो सुटला तर नाचणाऱ्याचा पाय चुकतो, पण का चुकला हे त्याला कळत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये काका वाद्य उलटं करतात आणि नळीतून पाणी ओघळतं. "थुंकी नाही ताई, श्वासाचं पाणी आहे ते," त्यांनी मला समजावलं. तीन तासांच्या वरातीत असं किती पाणी रस्त्यावर जात असेल, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. गुडघ्यावर त्यांची तीन बोटं पिस्टन दाबल्यासारखी हलायला लागली. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "खालचा माणूस पक्का आहे यांचा." मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलंय. खालच्या माणसाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

मास्तरांनीही ऐकलं. "माणसं भरपूर दिसतात. आमच्याकडेही बावीस होती."

बाल्कनमध्ये लष्कराच्या बँडमधून ही वाद्यं खेड्यांत उतरली, आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणीतून. उल्हासनगरही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, 'कल्याण कॅम्प'. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले. बाल्कनमधले अनेक नामवंत वादक रोमा आहेत आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. त्यांच्या भाषेत अजून पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान' म्हणतात. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सिनेमा आणि वरातीच्या बँडचा संगम आपल्याकडेही झालाच आहे. अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. २०१६ साली सिनेमा आला आणि ती गाणी वरातीत उतरली. मास्तर मोबाइलवर गाणं पुन्हा पुन्हा ऐकतात, वहीत सरगम लिहितात, व्हायोलिनचे तुकडे क्लॅरनेटला वाटून देतात. अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम अकरा माणसांत बसवायचं. याला मी संगीतरचनाच म्हणते. त्याखाली मास्तरांचं नाव मात्र कुठे लागत नाही.

गुचा या सर्बियन गावात १९६१ पासून ट्रम्पेटवाल्यांचा उत्सव भरतो. तिथे लोक मुद्दाम बँड ऐकायला जातात. आपल्याकडे बँडमागे डीजेची गाडी आली की ट्रम्पेट ऐकूच येत नाही.

तुमच्या घरी लग्न निघालं, तर बँड सांगा. एक तरी गाणं नाचणं थांबवून ऐका आणि खालच्या माणसाला पाणी विचारा. आणि घरात कुणाला फुंकायची हौस असेल, तर अकरा वाद्यं भिंतीवर आहेत. शिकवायचे पैसे मास्तर घेत नाहीत.