गाडी न हलताच ‘गाडी लागते’ तेव्हा

नगरहून पाथर्डीकडे निघालेल्या एसटीत करंजी घाटाआधी खिडकीजवळची जागा कोणाला द्यायची, हे बऱ्याच घरांत ठरलेले असते. लिंबू, आलेपाक, आवळासुपारी, प्लॅस्टिकची पिशवी अशी सगळी तयारी असते. पण घरी कॉटवर बसून व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाला मळमळू लागले, दरदरून घाम आला, चेहरा पांढरा पडला, तर तेही ‘गाडी लागणे’च आहे हे चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. पित्त झाले असेल म्हणून गोळी दिली जाते. तासाभराने मूल बरे होते आणि गुण गोळीचा धरला जातो!

कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्याशा पिशव्या असतात. डोके वळले, शरीर पुढे सरकले की त्याची खबर त्या मेंदूला देतात. घाटात कान सांगतो ‘हलतो आहे’, तर समोरच्या सीटवर खिळलेले डोळे सांगतात ‘स्थिर आहे’. गेममध्ये हेच उलटे होते. डोळ्यांना आपण धावत आहोत, गर्रकन वळत आहोत असे दिसते आणि कान म्हणतो, जागचे हललेलोही नाही. या विसंगतीतून मळमळ सुरू होते, असे सर्वाधिक मान्य असलेले मत आहे. आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्यांना गाडी लागत नाही, हा त्याला मोठा आधार.

हे आजच्या मोबाइलचे खूळ नव्हे. 1957 साली अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर वैमानिकांना असाच त्रास झाल्याची नोंद आहे. गंमत म्हणजे नवशिक्यांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना तो जास्त झाला. खऱ्या उड्डाणात काय जाणवायला हवे, हे त्यांच्या मेंदूला पक्के ठाऊक होते.

खेळाडूच्याच डोळ्यांतून दृश्य दिसते असे गेम, मोठा पडदा अगदी जवळून पाहणे आणि डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट यांत त्रास अधिक होतो. खेळणाऱ्यापेक्षा शेजारी बसून नुसते पाहणाऱ्याला जास्त मळमळते. ड्रायव्हरला गाडी लागत नाही, तसेच हे. अर्धशिशी असणाऱ्यांना त्रास लवकर होतो. आणि घाटातल्या गाडीत मूल शांत बसावे म्हणून हातात मोबाइल देणे म्हणजे उलटीला आमंत्रणच.

मळमळ सुरू होताच खेळ थांबवावा. ‘एवढी लेव्हल संपू दे’ म्हणत राहिल्यास त्रास तासन्‌तास रेंगाळतो. पंख्याखाली बसून दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. खोलीत उजेड ठेवावा, पडदा लांब ठेवावा, गेममध्ये सोय असल्यास दृश्याचे हेलकावे बंद करावेत. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवल्यास अनेकांच्या मेंदूला सवय होते. प्रवासात घ्यायच्या गोळीने झोप येते. गेमसाठी मुलांना ती देण्यात अर्थ नाही.

मात्र खेळ नसतानाही चक्कर येणे, सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे किंवा कमी ऐकू येणे ही गेमची मळमळ नव्हे. तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवावे. लुकलुकत्या दृश्याने झटका येणे हाही वेगळा आजार आहे.

व्हीआर हेडसेट काढल्यावरही काही वेळ तोल डळमळीत राहू शकतो. मॉलमध्ये असा खेळ खेळून बाहेर पडलेल्या तरुणाने मोटारसायकलला लगेच किक मारू नये. आधी चहा घ्यावा.