स्पीकरची घरघर : अर्थिंगची पिन तोडू नका

शिरूर-दौंडच्या बाजारपेठांत खाली दुकान, वर घर अशा जुन्या इमारती पुष्कळ आहेत. तेथे वायरिंग गरजेप्रमाणे तुकड्यातुकड्याने वाढलेले असते. मग अॅम्प्लिफायर लावला की गाण्याआधीच स्पीकर घरघरू लागतो. मशीन दुरुस्तीला नेण्यापूर्वी दुकानदार व कारागीर बंधूंनी पुढील तपासणी करून पाहावी.

आपली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तनांची. घरघर बहुधा तिचीच असते. प्रथम अॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा. तरीही घरघर राहिली, तर दोष बहुतेक मशीनच्या आत, फिल्टर कंडेन्सरमध्ये असतो. ते काम कारागिराचे.

घरघर थांबली, तर ती बाहेरून येते. मशीन बंद करून टीव्ही, कॉम्प्युटर यांच्या लीड एकेक काढा आणि पुन्हा ऐका. दोन यंत्रांचे अर्थिंग दोन ठिकाणी असले की दोहोंत थोडा व्होल्टेजचा फरक पडतो आणि लीडच्या जाळीतून वीज वाहते. उपाय सोपा : सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवा. केबल टीव्हीची वायर काढताच शांतता झाली, तर त्या वायरीला आयसोलेटर बसवा. फर्रफर्र आवाज असेल, तर ट्यूबचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, शिलाई मशीनची मोटर एकेक बंद करून पाहा. लीड विजेच्या वायरीपासून दूर ठेवा.

काही जण मात्र प्लगची जाड पिनच काढून टाकतात. घरघर थांबते, पण आत वीज उतरली तर मशीनचा पत्रा जिवंत होतो. कोठे अर्थिंगच नसते आणि जाड पिन बोर्डातच न्यूट्रलला जोडलेली असते. न्यूट्रल तुटला की पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. हात लावणारा गिऱ्हाईक असेल किंवा आपलेच मूल.

आपला भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होते. त्यात पाणी घाला, परवानाधारक वायरमनकडून वर्षातून एकदा मोजमाप करून घ्या आणि मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. घरघर सहन होते, विजेचा झटका जीव घेतो.