‘रेप्युटेडली’ आणि आपले ‘म्हणे’

द्वारकेच्या चौकातून मुंबईच्या बाजूला निघाले, की काही वेळाने त्रिरश्मी डोंगर दिसू लागतो. त्यातली लेणी कोणाची, असे वाटेत कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले, ‘पांडवांनी कोरली.’ लेण्यांतले ब्राह्मी लेख मात्र वेगळे सांगतात. तिसऱ्या लेण्यातला लेख गौतमी बलश्रीच्या दानाचा, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षातला. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात बोलतो. दोन्ही दाने बौद्ध भिक्षूंसाठी. बलश्रीच्या लेखात अर्जुन आणि भीमसेन येतात खरे, पण ते तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाला उपमा म्हणून. डोंगर फोडणारे म्हणून नव्हे!

आता हे इंग्रजीत कसे सांगावे? पांडवांनी लेणी कोरली असे सरळ लिहिले तर ते खोटे, आणि लोकांची समजूत गाळली तर ‘पांडवलेणी’ हे नावच अधांतरी राहते. येथे ‘रेप्युटेडली’ हे क्रियाविशेषण उपयोगी पडते. ‘लोक असे मानतात, मी हमी घेत नाही’ एवढा अर्थ त्या एका शब्दात मावतो. त्याचे मूळ लॅटिन ‘पुतारे’, म्हणजे हिशेब करणे, मानणे. ‘कॉम्प्युटर’ त्याच घराण्यातला. आपला ‘लौकिक’ही तसाच लोकांच्या तोंडून जन्मलेला.

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘पांडवांनी कोरली म्हणे.’ संस्कृतातले ‘किल’ हे याचेच वडीलधारे भावंड. परंतु ‘म्हणे’ आणि ‘रेप्युटेडली’ तंतोतंत जुळत नाहीत. शेजारच्या काकूंनी काल सांगितलेल्या एका गोष्टीलाही ‘म्हणे’ चालते. ‘रेप्युटेडली’ला पुष्कळ लोकांचे, मुरलेले मत लागते. वर्तमानपत्रातल्या बातमीसाठी ‘रिपोर्टेडली’, आरोपासाठी ‘अलेजेडली’. शिवाय आपला ‘म्हणे’ वाक्याच्या तोंडाशी आला की दात दाखवतो: ‘म्हणे मी आळशी!’ हा टोमणा ‘रेप्युटेडली’ला जमत नाही. त्याला ‘सपोजेडली’च हवे, आणि तेही थोडे बेचवच.

‘नोटोरियसली’ची गोष्ट निराळी. तेथे शंका नसते. वाईट गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पावसाळ्यातला एखादा रस्ता ‘नोटोरियसली’ खराब असतो, ‘रेप्युटेडली’ नव्हे. खड्डे काही ऐकीव नसतात.

आपल्या विद्यार्थ्यांचा खरा घोटाळा ‘रेप्युटेड’ या विशेषणात होतो. नोकरीच्या अर्जात आपण ऐटीत लिहितो, ‘मी एका रेप्युटेड कॉलेजचा विद्यार्थी आहे.’ आपल्याकडे त्याचा अर्थ नामांकित असा रूढ झाला आहे आणि देशात तो खपतोही. परंतु विलायती वाचकाच्या कानाला ते ‘कॉलेज आहे म्हणे’ असे लागू शकते! चांगल्या नावाचे, विश्वासार्ह, असे म्हणायचे असेल तर ‘रेप्युटेबल’ म्हणावे. त्याचे क्रियाविशेषण ‘रेप्युटेबली’. ‘रेप्युटेडली’शी त्याचा फरक एका अक्षराचा, पण ‘तो सचोटीने धंदा करतो’ आणि ‘तो धंदा करतो म्हणे’ यांत जेवढे अंतर आहे तेवढे या दोघांत आहे. नुसते ‘वेल-नोन’ लिहिले तर अर्ज अधिक सुरक्षित.