कुत्रा झाडाचं आळंच का उकरतो?

आंब्याला, लिंबाला आळं करून संध्याकाळी पाणी घालावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या कुत्र्याने तेच उकरून ठेवावं, हा अंगण असलेल्या घरांतला दर उन्हाळ्याचा अनुभव. बाकीचं अंगण मोकळं असताना झाडाचा बुंधाच का? कारण आळ्यातली माती भुसभुशीत, ओलसर, सावलीतली आणि खत घातलेली असते. कुत्र्याला हवं ते सगळं आपणच एका जागी आणून ठेवतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला धापा टाकणं हाच त्याचा मोठा आधार. वरची तापलेली माती बाजूला सारली की खाली गारवा लागतो आणि विरळ केसांचं पोट तिथे टेकलं की अंगातली उष्णता मातीत उतरते. म्हणून दुपारी उकरून त्याच खड्ड्यात पसरणाऱ्या कुत्र्यावर ओरडू नका. दुसऱ्या सावलीत वाळू भिजवून ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. तो आळं सोडून तिकडे जाण्याची शक्यता बरीच वाढते.

खड्ड्यात न बसता, कान टवकारून, एकाच ठिकाणी नाक खुपसून उकरत असेल तर मात्र खाली काहीतरी आहे. घूस असेल, उंदीर असेल, नाहीतर हुमणी. वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, मातीत अंडी घालतात आणि त्यातून निघालेल्या अळ्या मुळं कुरतडतात. अशा वेळी कुत्र्याला हाकलण्याआधी ती माती हाताने उलटून पाहा. वाकडी, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी सापडली, तर झाडाचा शत्रू त्याने तुमच्या आधी हेरलेला असतो. त्यावर थिमेट टाकण्याचा मोह मात्र टाळा. त्यातल्या फोरेटवर आपल्याकडे बंदी आहे आणि कुत्र्याच्या दृष्टीने ते जहालच.

झाडाचं नुकसान खरं असतं. पाणी आणि अन्नद्रव्यं शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. पंजाने बुंध्याची साल सगळीकडून निघाली, तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड वाळतं. उघडी पडलेली मुळं त्याच दिवशी झाकून पाणी द्या. आळ्यात दोन इंच मातीखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरा, कडा खाली दुमडा आणि बुंध्याभोवती वाढीला जागा सोडा. पंजाला तार लागली की उकरण्यातली मजा जाते. मोठे चपटे दगडही चालतात. तासाभराने दिलेली शिक्षा मात्र वाया जाते. ती कशाबद्दल, हे कुत्र्याला कळतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं खताचं. हाडांचा चुरा आणि मासळीचं खत यांच्या वासाने कुत्रा हमखास उकरतो. एरंडीची पेंड त्याहून घातक. बियांतून तेल निघालं तरी रायसिन हे विष पेंडीत उरतं. पेंडीवर नीट प्रक्रिया झालेली नसेल, तर ती खाल्ल्याने उलट्या, रक्ताची हगवण आणि मृत्यूही ओढवू शकतो. कुत्रा असलेल्या घरी ही पेंड आणूच नका. त्याने ती खाल्ल्याची शंका आली, तर उलटीची वाट न पाहता पिशवी सोबत घेऊन थेट पशुवैद्याकडे जा.