दारू दुकान बंदीच्या अर्जावर सही करताय? आधी मतदार यादीतला नंबर बघा

गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बचत गटाच्या महिला घरोघर फिरतात, वह्या भरून सह्या गोळा करतात आणि अर्ज देऊन येतात. नंतर पडताळणी लागते. कुणाचं नाव यादीत सापडत नाही, कुणाची सही घरातल्या दुसऱ्यानेच केलेली निघते, कुणी त्या दिवशी येतच नाही. सह्या गळतात आणि मेहनत वाया जाते. दुसरीकडे, सही गोळा करताना काही ठिकाणी आधारची झेरॉक्स आणि मोबाईल नंबरही मागितला जातो. त्याची खरंच गरज असते का? सहीसोबत नेमकी कोणती माहिती लागते आणि कोणती देऊ नये, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे.

नियम काय आहे?

राज्य शासनाच्या मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातलं परवानाधारक दारू दुकान मतदानाने बंद करता येतं. यालाच गावाकडे ‘बाटली आडवी करणं’ म्हणतात, कारण मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं असतात.

त्यासाठी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यावा लागतो. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जातो. सह्यांची पडताळणी होते. आकडा भरला तर गुप्त मतदान घेतलं जातं. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होतं.

हा मार्ग परवाना असलेल्या दुकानासाठी आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या दारूसाठी सह्या किंवा मतदान लागत नाही. त्याची तक्रार थेट पोलिसांकडे किंवा उत्पादन शुल्क विभागाकडे करता येते.

सहीला वजन मतदार यादीमुळे येतं

इथे अर्ज ‘रहिवाशांचा’ नसतो, ‘मतदारांचा’ असतो. त्यामुळे गावात वीस वर्षं राहणारी बाई असली, पण तिचं नाव अजून माहेरच्या यादीत असलं, तर तिची सही मोजली जाणार नाही. सतरा वर्षांच्या मुलीचीही नाही.

अधिकारी पडताळणीत मुख्यतः दोन गोष्टी बघतात. सही करणारी व्यक्ती गावची मतदार आहे का, आणि सही तिनेच केली आहे का. म्हणून सहीच्या तक्त्यात एवढे रकाने असले की काम सोपं होतं:

- अनुक्रमांक
- मतदार यादीत आहे तसंच पूर्ण नाव
- यादीचा भाग क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक
- मतदार ओळखपत्राचा नंबर (तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे)
- सही किंवा अंगठा, आणि तारीख

भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिला असेल तर यादीत नाव लगेच सापडतं. नुसतं ‘सुनीता पाटील’ लिहिलं तर एकाच गावात त्या नावाच्या चार जणी निघू शकतात. हे नंबर निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर मिळतात. मोबाईल जमत नसेल तर गावच्या बीएलओकडे यादी असते.

कोणत्या सह्या गळतात?

एकाच हाताने केलेल्या सह्या पटकन ओळखू येतात. सासूची सही सुनेने केली, बायकोची नवऱ्याने केली, तर ती बाद होतेच. शिवाय दुसऱ्याच्या नावाने खोटी सही करणं हा गुन्हा आहे. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. अंगठ्याशेजारी नाव स्पष्ट लिहावं आणि साक्षीदाराची सही घ्यावी.

पडताळणीला महिलांना समोर बोलावलं जातं. मजुरीचा दिवस बुडतो म्हणून कुणी आलं नाही, तर आकडा खाली येतो. लग्नानंतर नाव बदललं, पण यादीत जुनंच आहे, अशा वेळी अर्जावर यादीतलंच नाव लिहावं. दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८, नवीन नावासाठी फॉर्म ६ आहे. सह्यांची मोहीम सुरू करण्याआधी हे काम केलेलं बरं.

समजा गावात १,२०० महिला मतदार आहेत. २५ टक्के म्हणजे ३०० सह्या. गटाने ३२० गोळा केल्या आणि त्यातल्या ३५ बाद झाल्या, तर उरल्या २८५. अर्ज तिथेच थांबला. त्याच गटाने ४०० सह्या घेतल्या असत्या तर ३५ गळूनही काम झालं असतं.

आधारची झेरॉक्स कशाला?

आधार हा ओळखीचा पुरावा आहे. तो माणूस कोणत्या गावचा मतदार आहे, हे आधारवरून ठरत नाही. त्यामुळे सहीच्या तक्त्यात आधारचे १२ आकडे लिहून ती वही गावभर फिरवण्यात धोकाच जास्त आहे. पडताळणीच्या दिवशी अधिकाऱ्याला मूळ ओळखपत्र दाखवणं वेगळं, आणि झेरॉक्सचा गठ्ठा कुणाच्या तरी घरी पडून राहणं वेगळं.

कार्यालयाने झेरॉक्स मागितलीच तर मतदार ओळखपत्राची द्यावी. आधारचीच द्यावी लागली तर ‘मास्क्ड आधार’ वापरावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड होतं. झेरॉक्सवर ‘फक्त दारू दुकान बंदी अर्जासाठी’ असं लिहून तारीख टाकावी.

बँक खातं, जात, उत्पन्न, रेशन कार्ड यांचा या सहीशी संबंध नाही. आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नये. कागदावरच्या सहीला ओटीपी लागत नाही. ‘सही ऑनलाइन झाली, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा.

नाव कुणाला दिसेल?

अनेक बायकांची खरी भीती हीच असते. दुकानदार गावचाच, कधी भावकीतला. सही केली हे त्याला कळलं तर?

इथे एक फरक लक्षात ठेवावा. अर्जावरची सही नावानिशी असते. मतदान मात्र गुप्त असतं. त्यामुळे जिला सही करायला भीती वाटते, तिच्यावर जबरदस्ती करू नये. ती मतदानाला येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारू शकते.

ज्यांनी सही केली, त्यांची नावं जपणं ही वही सांभाळणाऱ्यांची जबाबदारी आहे. सह्यांच्या पानांचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. एकदा फोटो फिरला की परत घेता येत नाही. ‘किती सह्या झाल्या’ एवढा आकडा सांगितला तरी पुरे. वही एक-दोघींकडेच असावी. कुणी धमकी दिली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

लोकांची माहिती मोबाईल किंवा संगणकावर गोळा करणाऱ्यांसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. त्यातलं तत्त्व गावच्या वहीलाही लागू पडतं: ज्या कामासाठी माहिती घेतली, तेवढ्याच कामासाठी वापरायची.

सहीनंतरचं गणित

मतदानात निम्म्याहून जास्त मतं लागतात, ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण मतदारांच्या. अर्ज महिलांचा असेल आणि महिला मतदार १,२०० असतील, तर ६०१ मतं आडव्या बाटलीला हवीत. घरी बसलेल्या बाईचं मत आपोआप दुकानाच्या बाजूला जातं. यादीत राहिलेली मयत माणसांची नावंही या १,२०० मध्ये धरली जातात. ती नावं कमी करण्यासाठी फॉर्म ७ आधीच भरावा.

अर्ज देण्याआधी

- तहसील कार्यालयातून गावच्या एकूण व महिला मतदारांचा आकडा लेखी घ्यावा.
- उत्पादन शुल्क कार्यालयात कोणती कागदपत्रं लागतात ते विचारून घ्यावं.
- किमान आकड्यापेक्षा बऱ्याच जास्त सह्या घ्याव्यात.
- प्रत्येक पानावर अर्जाचा विषय वर लिहावा. कोऱ्या पानावर सही करू नये आणि घेऊही नये.
- संपूर्ण अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि शिक्क्यासह पोच घ्यावी.
- पडताळणीची तारीख कळताच सही केलेल्या प्रत्येकीला निरोप द्यावा आणि मतदार ओळखपत्र घेऊन यायला सांगावं.

मतदार यादीबद्दल अडचण असल्यास १९५० या हेल्पलाइनवर फोन करता येतो.