वानखेडेची लाल माती

वानखेडेवर चेंडू स्विंग होऊ लागला की समालोचक लगेच अरबी समुद्राकडे बोट दाखवतात. दमट हवा जड असते, म्हणून चेंडू वळतो, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. भौतिकशास्त्र नेमकं उलटं सांगतं. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. त्यामुळे तापमान आणि दाब तेवढाच असेल तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच भरते. स्विंग घडवते ती तिरकी धरलेली शिवण. तिच्या बाजूने जाणारी हवा खळबळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या बाजूची आधीच सुटते. दाबात फरक पडतो आणि चेंडू सरकतो.

समुद्राला एवढं श्रेय देताना आपण पायाखालच्या मातीवर अन्याय करतो.

वानखेडेची ओळख आहे ती लाल मातीची खेळपट्टी. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आकसून भेगाळते. तिच्यावर चेंडू सहसा खाली राहतो, थांबून येतो. लाल मातीत लोहाची ऑक्साइडं आणि केओलिनाइट जास्त. केओलिनाइट फारसं फुगत नाही. पाणी मारून, रोलर फिरवून अशी खेळपट्टी नीट सुकवली की पृष्ठभाग टणक होतो, टप्प्यावर चेंडूची ऊर्जा कमी खर्ची पडते आणि उसळी मिळते. पुढे उन्हाने वरचा थर भुसभुशीत होतो. आता चेंडूला घर्षण मिळतं, तो वळतो; पण खालचा थर टणकच असल्याने उसळीही टिकते. वळण आणि उसळी एकदम आली की चेंडू बॅटच्या कडेला किंवा ग्लोव्हजला लागून जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो. फलंदाजाला याहून अवघड परीक्षा नाही.

हे मैदान उभं राहिलं भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या जागांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाद झाला आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने मुंबई क्रिकेट संघटनेने जवळच स्वतःचं स्टेडियम बांधलं. जानेवारी 1975 मध्ये पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 धावा कुटल्या. मला त्या सामन्यातलं दुसरं एक शतक अधिक मोलाचं वाटतं. एकनाथ सोलकरने 102 धावा केल्या, त्याचं एकमेव कसोटी शतक. त्याचे वडील इथून जवळच, हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखायचे. खेळपट्टी घडवणाऱ्या हातांची आपल्याकडे इतकी क्वचित आठवण निघते!

या मातीने यजमानांचे लाड मात्र केलेले नाहीत. 2004 मध्ये 107 धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया 93 धावांत आटोपला. पण त्याच कसोटीत भारताचा पहिला डावही 104 धावांवरच संपला होता. 2021 मध्ये मुंबईत जन्मलेल्या, न्यूझीलंडकडून खेळणाऱ्या एजाझ पटेलने इथे एका डावात दहाही बळी घेतले. तरी भारत जिंकला. नोव्हेंबर 2024 मध्ये तो परत आला, सामन्यात 11 बळी घेतले, आणि 147 धावांचं लक्ष्य असलेला भारत 121 धावांत गारद झाला.